आजोबांच्या सागवानी टेबलाला मशीन लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरच्या घरातलं आजोबांचं लिहायचं सागवानी टेबल दोन वर्षांपूर्वी तुम्ही डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आणलं. वरच्या फळीवर चहाच्या कपांचे पांढरे गोल उठलेत, उजव्या कोपऱ्यात एक काळा डाग आहे, मधोमध हातभर भेग गेली आहे आणि पावसाळ्यात खण उघडत नाही. ओळखीचा कंत्राटदार म्हणतो, मशीनने घासून पीयू (पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश) मारू, नव्यासारखं होईल. तुम्हाला स्वतः करून बघायची हौस आहे, हत्यारांची लांब यादीही केलीय, पण त्यातली कोणती घ्यावीत आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

कंत्राटदाराला तूर्त थांबवा. तुमचं टेबल खराब झालेलं नाही. वरचा पॉलिशचा थर दुखावलाय आणि खालची फळी कुठेतरी अडकून पडलीय, इतकंच. चिपळुणात गेली एकतीस वर्षं मी जुन्या फर्निचरचं काम करतोय. त्याआधी वडिलांच्या हाताखाली लाकडाला पॉलिश पेपर मारत होतो. जुन्या सागवानाला मशीन लावून कायमचं वाया गेलेलं काम मी इतकं पाहिलंय, की हा सल्ला देताना मला जराही संकोच वाटत नाही.

आधी वरचा थर कशाचा आहे ते ओळखा. खणाच्या आतल्या कडेला किंवा पायाच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, पॉलिशच्या स्पिरिटचा (म्हणजे अल्कोहोलचा) एक थेंब टाका आणि मिनिटभराने बोट लावा. चिकट लागलं तर तो चपडा, म्हणजे लाखेचं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, तर दुसऱ्या जागी एनसी थिनरचा (लॅकर पातळ करायच्या द्रावणाचा) थेंब टाका. त्याने नरम पडलं तर लॅकर. दोन्हींनी हललं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा तेलाचं वार्निश. तुमच्या टेबलाचं वय आणि ते पांढरे गोल पाहता तो चपडाच असणार असं मला वाटतं, पण थेंब टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पांढरा डाग आणि काळा डाग यांत मोठा फरक आहे. पांढरा गोल म्हणजे गरम कपाखालची वाफ पॉलिशच्या थरात शिरून अडकली. लाकडाला काही झालेलं नसतं. काळा डाग म्हणजे पाणी थर ओलांडून लाकडापर्यंत पोचलं आणि तिथे लोखंडाशी काहीतरी झालं. पांढऱ्यावर पंधरा मिनिटांत उपाय होतो. काळ्याचं शेवटी सांगतो.

आता मशीनला माझा विरोध का, ते सांगतो. जुन्या सागवानाचा जो तपकिरी-सोनेरी रंग तुम्हाला दिसतो, तो उजेड आणि हवा लागून वरच्या पातळ पापुद्र्यात आलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरभरही नसते. सँडर फिरवला की तो जातो आणि खालून फिकट, हिरवट-पिवळं, कोरं लाकूड निघतं. मग तसा रंग आणायला डाय मारावा लागतो, आणि तो डायसारखाच दिसतो. शिवाय त्या काळच्या सुताराने हाताने रंधा मारलेला असतो. तिरप्या उजेडात फळीवर हात फिरवला तर त्याच्या रंध्याचे उथळ पन्हळ बोटांना लागतात. मशीनने फळी काचेसारखी सपाट होते आणि ते पन्हळ पुसले जातात. ते परत आणता येत नाहीत.

पीयू वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघरातलं टेबल असेल, रोज गरम पातेली ठेवली जात असतील, तर मी स्वतः पीयू सुचवतो. चपड्याचे दोष मला तोंडपाठ आहेत. साधारण ७५ अंशांना तो मऊ पडतो, त्यामुळे उकळत्या चहाचा कप थेट ठेवला की खूण उठते. अल्कोहोलने विरघळतो. २०२० साली घराघरांत सॅनिटायझर आला, तेव्हा अशा टेबलांवर थेंबाथेंबांचे डाग पडून किती लोक माझ्याकडे आले! धुण्याचा सोडा किंवा अमोनिया असलेलं क्लीनरही त्याला चालत नाही. पण या सगळ्याच्या बदल्यात चपडा एक गोष्ट देतो, ती पीयू किंवा मेलामाइन देत नाही. नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. पन्नास वर्षांपूर्वी मारलेल्या पॉलिशवर आज स्पिरिटचा हात फिरवला, की ते पुन्हा ओलं होतं आणि पुन्हा जमतं. पीयूचा थर एकदा घट्ट झाला की झाला. त्याला चरा पडला तर त्या जागी नवा थर फक्त वर बसतो, आत मिसळत नाही, आणि कडा दिसत राहते. शेवटी सगळंच खरवडावं लागतं.

हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते २२ जुलै २०२१ ला. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या कामाच्या जागेत छातीभर पाणी होतं. पुढचे आठ-नऊ महिने मी जवळजवळ फक्त पुरात बुडालेलं सामान दुरुस्त करत होतो. पार्टिकल बोर्डाची कपाटं पाव-बटरसारखी फुगली होती. ती थेट कचऱ्यात गेली, दुसरा इलाजच नव्हता. आणि त्याच घरांतली साठ-सत्तर वर्षं जुनी सागवानी कपाटं, पाट, देव्हारे पाणी पिऊन पांढरेफटक पडले होते, सांधे सुटले होते, पण लाकूड शाबूत होतं. सांधे सुटले होते म्हणूनच ती वाचली, असं मी म्हणेन. जुने सुतार सरस वापरायचे. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. पाण्याने आणि उष्णतेने तो सुटतो, आणि गरम करून लावला की जुन्याच सरसावर पुन्हा धरतो. बाजारातला पांढरा डिंक एकदा वाळला की त्यावर नवा नीट चिकटत नाही. आधी सगळा खरवडून काढावा लागतो आणि त्यात कुसू, म्हणजे सांध्यात बसणारी लाकडाची जीभ, बारीक होतो.

मी ती कपाटं सुटी केली, चिखल ब्रशने धुतला, आणि फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावली. उन्हात एकही नेली नाही, कारण उन्हात वरची बाजू आधी आकसते आणि फळी वाकते. दिवाळीपर्यंत हात लावला नाही. मग एकेक जोडली आणि त्या पांढऱ्याफटक पडलेल्या पॉलिशवर नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला. खालून तोच जुना लालसर रंग वर आला. एका आजींचा देव्हारा होता. त्यांना वाटलं मी नवा रंग दिला. मी एक चमचाही रंग वापरला नव्हता.

तर तुमच्या टेबलाकडे वळू. पॉलिशच्या आधी भेग बघा, कारण भेगेचं कारण काढल्याशिवाय वरून काहीही केलं तरी ती परत उघडेल.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि तसं रुंदीत फुगतं-आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. सागवान यात सज्जन आहे, तरी त्यालाही हे चुकत नाही. आडव्या कापाच्या (खोडाच्या वर्तुळांना समांतर चिरलेल्या) सागवानी फळीत ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.१९ टक्क्याने बदलते. गुहागरच्या भर पावसातली हवा आणि तुमच्या एसी लावलेल्या खोलीतली हवा यांत लाकडाच्या ओलाव्याचा फरक सहा-सात टक्क्यांचा सहज पडेल. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद फळी सात मिलिमीटरच्या आसपास आकसायला बघते. ती चौकटीला दोन्ही कडांनी खिळे ठोकून आवळलेली असेल, तर आकसायला जागा नाही. मग ती मधोमध फाटते. समुद्राकाठच्या ओलसर घरात पन्नास वर्षं जी फळी निवांत होती, ती फ्लॅटमध्ये दोन वर्षांत फाटली, यात नवल नाही.

टेबल उलटं करा आणि फळी कशी बसवलीय ते बघा. स्क्रू असतील तर मधल्या रांगेतले तसेच ठेवा आणि दोन्ही कडांकडच्या स्क्रूंची चौकटीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा, म्हणजे स्क्रू सरकू शकेल. खिळे असतील तर फळी आणि चौकट यांच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळे कापा. उपटायला जाऊ नका, फळीच्या वर टवका उडतो. मग चौकटीच्या आतल्या बाजूला खाच घेऊन लाकडी गुटके बसवा. गुटक्याची जीभ खाचेत आणि स्क्रू फळीत. गुटका फळीला खाली धरून ठेवतो पण आडवं सरकू देतो. एवढं केल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. भेगेत पोस्टकार्ड किती जातं ते मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये बघून लिहून ठेवा. बऱ्याचदा फळी मोकळी झाली की भेग स्वतःच निम्मी मिटते. उरली तर त्याच जातीच्या सागवानाची बारीक चिरफळी तासून सरसाने बसवायची. भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. पुट्टी लाकडाबरोबर हलत नाही. एका वर्षात सुटते आणि भेगेच्या कडा कुरतडून जाते.

आता पॉलिश. आधी जुना मळ आणि मेण काढायचं. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या सुती कपड्याने पुसा. टर्पेंटाइनने मेण निघतं, चपड्याला धक्का लागत नाही. कोकणातल्या घरांत दिवाळीला फर्निचरला खोबरेल चोळायची पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. ते थर आधी निघायला हवेत. खोबरेल कधीच वाळत नाही, धूळ धरून बसतं. तेलाने वाळून कडक पापुद्रा व्हायला त्यात हवेतला प्राणवायू धरायची क्षमता लागते. ती आयोडीन मूल्याने मोजतात. जवसाच्या तेलाचं हे मूल्य १७० च्या वर असतं, खोबरेलाचं दहाच्या आसपास. लाकडाला तेलच द्यायचं असेल तर जवसाचं द्या. आणि एक गोष्ट जिवाशी गाठ असल्यासारखी लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगाच्या आत ती साठून चिंध्या आपोआप पेटतात. आमच्याकडे एकदा रात्री धूर निघाला होता. शेजाऱ्याला वास आला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून बोळे उलगडून एकेक दोरीवर वाळत घालतो, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवतो.

चपडा पातळ कागदासारख्या चकत्यांचा घ्या, तयार पॉलिशची बाटली नको. लाख हा किड्याचा स्राव. पळस आणि बोरीवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात आणि कुसुमाच्या झाडावरच्या लाखेला कुसुमी. कुसुमी फिकट आणि जास्त चांगली. झारखंड आणि छत्तीसगडमधून बहुतेक माल येतो. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेची संशोधन संस्था आहे. जुन्या सागवानाला मात्र मला गडद, नारिंगी झाक असलेला चपडा आवडतो. टेबलाचा मूळ रंग त्यानेच आलेला असतो.

एक लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत टाका आणि अधूनमधून हलवत एक रात्र ठेवा. लोखंडी डबा नको, चपडा आम्लधर्मी आहे, लोखंडात काळवंडतो. सकाळी मलमलीतून गाळा आणि बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर वापरायच्या आधी काचेवर थेंब वाळवून बघा. दुसऱ्या दिवशी नखाची खूण उठत असेल तर ओतून द्या. असं पॉलिश फळीवर मारलं तर ते कधीच कडक होत नाही. स्पिरिटबद्दल गंभीरपणे सांगतो. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, आणि ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

बोळा असा करतात: मुठीत मावेल एवढा कापूस, त्यावर जुन्या, अनेकदा धुतलेल्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा. नवं कापड नको, त्याचे धागे सुटतात. टोक लिंबासारखं निमुळतं आणि तळ सपाट, सुरकुती नसलेला. पॉलिश कापसात आतून घाला, बोळा बरणीत बुचकळू नका. तळहातावर दाबून बघा, नुसता ओलावा जाणवला पाहिजे, ओघळ नको.

पांढऱ्या गोलांसाठी पॉलिशही लागणार नाही. बोळ्यावर दोन-चार थेंब नुसतं स्पिरिट घ्या, अगदी कोरडा वाटेल इतकंच, आणि डागावरून लांब, हलके, विमान उतरून लगेच उडावं तसे हात फिरवा. थांबायचं नाही. बोळा फळीवर टेकून थांबला की खालचा थर उखडून येतो, आणि पहिल्यांदा सगळ्यांचं हेच होतं. माझंही झालं होतं, वडिलांनी ती फळी मला तीनदा पुन्हा करायला लावली. आठ-दहा हातांत डाग विरायला लागेल. मग सगळ्या फळीवर पॉलिशचे पातळ हात द्या. आधी वर्तुळात, मग आठच्या आकारात, शेवटी लाकडाच्या रेषांबरोबर सरळ. बोळा ओढायला लागला तर तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावा, जास्त नको. तीन-चार हात झाले की थांबा आणि दुसऱ्या दिवशी ४०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका फिरवून पुन्हा तीन-चार. दिवसाला वीस हात मारायचा हट्ट केला तर थर आत ओला राहतो आणि महिन्याभरात बोटांचे ठसे उमटतात.

हे काम जून ते सप्टेंबर अजिबात करू नका. स्पिरिट उडताना फळी थंड होते, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि अख्खं पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. दसरा झाला की सुरू करा. डोंबिवलीत डिसेंबर-जानेवारी उत्तम.

हत्यारांची तुमची यादी लांब आहे, त्यातलं बरंच आत्ता नको. या टेबलासाठी एक १२ मिलिमीटरची आणि एक २५ मिलिमीटरची पटाशी (छिन्नी), मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन), बारीक दातांची करवत, हॅकसॉचं पातं, स्क्रू ड्रायव्हर, दोन-तीन शिकंजे (क्लॅम्प) आणि खरवडायला पोलादी स्क्रेपर पुरे. वडील स्क्रेपरऐवजी फुटलेल्या काचेचा तुकडा वापरायचे. काम सुंदर व्हायचं, पण तुम्ही नवशिके आहात, पोलादी घ्या. पैसे वाचवायचे तर पटाशी स्वस्त घ्या, धारेचा दगड मात्र चांगला घ्या. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आठवडाभर फक्त धार लावतात. २५ अंशांचा उतार, मागची बाजू आरशासारखी सपाट, आणि मनगटावरचे केस निघतील अशी धार. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी सटकली की हातात जाते. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. इलेक्ट्रिक रंधा, राउटर, सँडर हे पुढे कधीतरी नवं काम कराल तेव्हा.

मास्क मात्र पहिल्या दिवसापासून. लाकडाचा भुसा कॅन्सरला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. आमच्या पिढीने तोंडाला रुमाल बांधून काम केलं, रुमालाने बारीक भुसा अडत नाही. एन-९५ घ्या. कंत्राटदाराकडून कधी पीयूचं काम करून घेतलंत, तर फवारणीच्या वेळी घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस ठेवू नका. त्या वाफांना एन-९५ पुरत नाही.

काळ्या डागाचं राहिलं. तो गोल किंवा सरळ कडेचा असेल तर बहुधा लोखंडी डब्याचा किंवा दिव्याच्या बैठकीचा ठसा. पण तो उजव्या कोपऱ्यात आहे आणि टेबल लिहायचं आहे. आकार वेडावाकडा असेल तर ती शाईची दौत सांडलेली असणार. जुन्या निळ्या-काळ्या शाईतही लोहच असे. दोन्हींवर ऑक्झॅलिक आम्ल चालतं. त्या जागेपुरतं पॉलिश स्पिरिटने काढा. १०० मिलिलिटर गरम पाण्यात पाच ग्रॅम आम्ल विरघळवून ब्रशने लावा, वीस मिनिटांनी ओल्या कपड्याने पुसा, गरज पडली तर पुन्हा. नंतर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा पुसून दोन दिवस वाळू द्या. आम्लाचे कण राहिले तर वरचं पॉलिश धरत नाही, आणि वाळलेल्या आम्लावर पेपर मारला तर ती पूड नाकात जाते. विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. शाईचा डाग असेल तर मी स्वतः तो काढणार नाही, वरून पॉलिशचा हात देऊन ठेवून देईन. तुमचं टेबल आहे, तुम्ही ठरवा.

आणि खण. तो पावसाळ्यात अडकतो म्हणून ऑगस्टमध्ये त्याला रंधा लावू नका. तेव्हा तो फुगलेला असतो. आत्ता तासला तर मे महिन्यात खुळखुळेल. खण बाहेर काढून खालच्या पट्ट्यांवर आणि कडांवर मेणबत्ती घासा. मग खण आत-बाहेर करून बघा. जिथे पट्टी चकाकते, तिथेच तो अडतो. पेन्सिलने तिथे खूण करून ठेवा, आणि जानेवारीतही त्याच जागी अडत असेल, तरच रंध्याचा एक पातळ हात मारा.